आयएनआर १.८ आहे, मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन कशाला?

तासगावकडचे द्राक्षबागायतदार, पन्नाशीतले. लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होण्याचा आजार. सोनोग्राफीत यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत गुठळी दिसली, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लिहून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मालकीणबाई मिरजेत माझ्यासमोर. इंजेक्शनं पिशवीत तशीच.

"मॅडम, आयएनआर १.८ आलाय. दीर म्हणाले, म्हणजे रक्त आधीच पातळ. प्लेटलेट ७० हजार. त्यात आणखी पातळ केलं तर माणूस हाताला लागंल का?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. सुरुवातीला मीही असंच समजायचे.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचा डोस ठरवायला बेतलेला. रक्त गोठवणारी प्रथिनं कमी झाली की तो वाढतो. पण गोठण्याला आवर घालणारी प्रथिनंही, प्रोटीन सी, अँटिथ्रॉम्बिन, यकृतच बनवतं. सिरॉसिसमध्ये तीही घटतात, आणि ते या आकड्यात दिसत नाही. म्हणून १.८ असूनही गुठळी होते. यांना झालीच होती की.

"मग रक्ताची उलटी होते ती कशानं?"

दाबानं. कृष्णा फुगली की नाल्यांचं पाणी उलटं फिरून गावात शिरतं, २०१९ ला बघितलंय सगळ्यांनी. यकृत कडक झालं की रक्त तसंच आडवाटेनं अन्ननलिकेच्या शिरांत तुंबतं आणि त्या फुटतात. यांची दुर्बिणीची तपासणी झाली होती, फुगलेल्या शिरांना रबर बँडही बांधले होते. ते कागद फाईलमध्येच होते, वाचले कुणी नव्हते.

औषध चालू-बंद करणं माझं काम नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ताजे रिपोर्ट विचारले आणि त्याच संध्याकाळपासून सुरू करायला सांगितलं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर वाट न बघता थेट दवाखाना, हे मी बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं.

उठताना सहज विचारलं, बाकी गोळ्या कुठल्या? पिशवीच्या तळातून डायक्लोफिनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळीची अर्धी पट्टी निघाली. बागेत औषध फवारून कंबर धरते, म्हणून मेडिकलमधून आणलेली. रोज एक, कधी दोन. जठराला जखम करणारी, किडनीवर ताण आणणारी गोळी, आणि तिची भीती घरात कुणालाच नव्हती.

पट्टी मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली.