इंदूरमध्ये राहून फौजदारी आणि घटनात्मक, दोन्ही प्रकारची वकिली करता येते का?

प्रश्न असा आहे: 'एल.एल.बी.चं शेवटचं वर्ष चालू आहे, इंदूर सोडायचं नाही. फौजदारी बचावाची कामं आणि रिटची घटनात्मक कामं एकत्र करता येतात, की एक निवडावंच लागतं? पैसे कधी मिळायला लागतात? काका म्हणतात, चोराचिलटांची वकिली सभ्य घरातली मुलं करत नाहीत, टॅक्स धर.'

काकांपासून सुरुवात करते. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलंय, भरल्या घरात, पाहुण्यांसमोर. त्यामुळे उत्तर लांबेल.

मुळात 'फौजदारी की घटनात्मक' हा प्रश्न कॉलेजातल्या वेगवेगळ्या पेपरांमुळे डोक्यात बसतो. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात मागच्या बाकावर थोडे दिवस बसलात तर तो आपोआप सुटेल. जिलाबदरचा आदेश घ्या. राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० खाली कलेक्टरने एखाद्याला वर्षभरासाठी जिल्ह्याबाहेर काढलं, की आधी आयुक्तांकडे अपील आणि मग अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे हक्कांसाठी थेट हायकोर्टात केलेली याचिका. कागदावर सगळी थान्यातल्या गुन्ह्यांची यादी असते, युक्तिवाद मात्र घटनेचा: माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं का, इतक्या जुन्या गुन्ह्यांचा आजच्या आदेशाशी काय संबंध, देशात कुठेही राहण्याचा त्याचा हक्क असा काढून घेता येतो का. रासुकाचं, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धतेचं, तेच. तिथे सल्लागार मंडळापुढे वकिलाला उभं राहण्याचा हक्कच नाही, म्हणून आपली जागा हेबियस कॉर्पसमध्ये, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याच्या रिटमध्ये. आणीबाणीत हेबियस ऐकता येतं असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत आपलं मध्य प्रदेशचंही होतं. सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये ते उलटवलं, आणि तो चुकीचा निकाल जबलपूरच्या नावानेच ओळखला जातो. न्या. एच. आर. खन्नांचं एकट्याचं विरोधी मत बरोबर होतं, हे २०१७ मध्ये मान्य झालं. आमच्या राज्यातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला हे पाठ असायला हवं.

आणि घटना हायकोर्टात सुरू होत नाही, ती पहिल्या रिमांडला सुरू होते. अटकेची कारणं आरोपीला नीट कळवली नसतील तर अटकच बेकायदा, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात अनुच्छेद २२(१) वर बोट ठेवून सांगितलं. हा मुद्दा दंडाधिकाऱ्यापुढे, पोलीस रिमांड मागत असताना, उभ्या उभ्या मांडायचा असतो.

आता माझी गोष्ट. ती २०२३ च्या आधीची आहे, हे पुढे महत्त्वाचं ठरेल.

अलीराजपूरकडचा एक मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, इंदूरच्या कडेला एका मोठ्या साइटवर मजुरी करत होता. साइटवरच्या स्टोअरचं कुलूप फुटलं, तांब्याची तार आणि नळाचं सामान गेलं. पोलिसांनी मजुरांच्या झोपड्यांतून दोघांना उचललं, त्यातला हा एक. मेमोरेंडम (आरोपीने पोलिसांना काय सांगितलं त्याची नोंद), जप्ती, सगळं रीतसर. जप्तीचे दोन्ही साक्षीदार ठेकेदाराच्याच पगारावरचे. चालान, म्हणजे आरोपपत्र, दाखल झालं. सेशन कोर्टाने जामीन नाकारला, कारण इंदूरमध्ये स्थायी पत्ता नाही. मी हायकोर्टात गेले. पहिल्या पेशीला नेहमीप्रमाणे केस डायरी मागवली गेली, पुढच्या पेशीला जामीन मंजूर झाला: पन्नास हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, खालच्या कोर्टाचं समाधान होईल असा.

घरच्यांना वाटलं, सुटला. मुलगा काही सुटला नाही.

त्याचा मोठा भाऊ रात्रीची बस पकडून आला. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जमिनीची पावती, म्हणजे ऋण पुस्तिका. जमीन खरी, खातं खरं, फक्त त्यात काका-चुलत्यांची नावं सामायिक. कुठलं कोर्ट ते लिहीत नाही, पण तिथे ती पावती उघडूनही पाहिली नाही. 'बाहेर के जिले की है, लोकल लाओ.' बस. मी म्हटलं, हायकोर्टाच्या आदेशात 'लोकल' हा शब्द नाही. उत्तर मिळालं, तहसीलमधून पडताळणी मागवू, येईल तेव्हा येईल. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला हिंदीही जेमतेम कळत होती, पण नकार कळायला भाषा लागत नाही.

बाहेर आलो तर एक माणूस थांबलेला. त्याच्याकडे लोकल पावत्यांचा गठ्ठा होता, भाव ठरलेला. कुणाचीही जमीन, कुणाचाही जामीन. ज्या व्यवस्थेला खऱ्या भावाची खरी जमीन चालत नाही, तिला या भाडोत्री जामीनदाराची पावती चालली असती. मी नाही म्हटलं. भावाने विचारलं, 'मॅडम, दे दें क्या?' तो बैल विकून पैसे उभे करायला तयार होता. मी त्यालाही नाही म्हटलं, आणि मुलगा आणखी काही दिवस आत राहणार हे मला माहीत होतं. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याचा भार मी आजही घेते, पण तो बरोबर होता.

यावर कायदा नव्हता असं नाही. कायदा आमच्याच राज्यातून गेलेला होता. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. मोतीराम गवंडी होता. दहा हजारांचा जामीनदार मागितला, त्याचा भाऊ उभा राहिला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्याने त्याला नाकारलं. न्या. कृष्ण अय्यरांनी विचारलं, दक्षिणेतला एखादा माणूस बस्तरमध्ये किंवा चांदणी चौकात पकडला गेला तर तिथल्या मालमत्तेचा जामीनदार तो कुठून आणणार? अनुच्छेद १४ माणसाला भारतीय म्हणून बघतं, कुठल्या जिल्ह्याचा म्हणून नाही. मोतीरामला स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. गवंडी, भाऊ, दुसरा जिल्हा: माझं प्रकरण त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललं होतं, इतक्या वर्षांनी.

मी अटीत बदल मागणारा अर्ज हायकोर्टात लावला. त्यात चोरीबद्दल एक ओळही नव्हती. फक्त अनुच्छेद १४ (समानता), अनुच्छेद २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि मोतीराम. ऐकायला फार वेळ लागला नाही. कोणत्याही जिल्ह्यातला जामीनदार घ्यावा, असा आदेश झाला. त्याच भावाची तीच पावती त्याच टेबलावर स्वीकारली गेली आणि मुलगा बाहेर आला.

हे फौजदारी काम होतं की घटनात्मक? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

आता दादा, सुरुवातीला सांगितलेला माझा सख्खा भाऊ. ती साइट ज्या ठेकेदाराची होती, त्याच्याकडे दादा इंजिनिअर म्हणून सल्ला द्यायचा. मी वकालतनामा लावला तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. कळल्यावर मी तो काढला नाही. गणपतीत रामबागच्या घरी सगळे जमलेले असताना दादा म्हणाला, 'आपल्याच माणसांविरुद्ध चोराची वकिली करतेस. सभ्य घरातल्या बायका हे करत नाहीत.' आणि मग, 'तो पळून गेला तर? कोण त्याचा भाऊ, कुठली त्याची जमीन, आपल्याला काय माहीत?'

मी त्याला विचारलं, आपले पणजोबा साताऱ्याकडून होळकरांच्या चाकरीत इथे आले, तेव्हा त्यांचा इंदूरमध्ये कोण जामीनदार होता? त्यांची जमीन कुठल्या जिल्ह्यात होती? इथे कुणी ओळखत नव्हतं म्हणून ते चोर ठरले का? आज आपण गावठाणातले जुने झालो आणि अलीराजपूरचा माणूस, जो याच माळव्या-निमाडाच्या मातीतला आहे, तो बाहेरचा? दादा उठून गेला. त्या वर्षी भाऊबीजेला तो माझ्याकडे आला नाही. वहिनी आल्या, मुलांना घेऊन.

दादाने पुढे एकच प्रश्न वारंवार विचारला: 'शेवटी सुटला की शिक्षा झाली?' तुम्हालाही तो पडला असेल. मी मुद्दाम सांगत नाही. दादालाही सांगितलं नाही. निर्दोष सुटला असं म्हटलं तर दादा म्हणणार, बरं झालं, म्हणजे तुझं बरोबर होतं. शिक्षा झाली असं म्हटलं तर म्हणणार, बघ. दोन्ही चूक. खटला चालायचा असताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या भावाची जमीन चालेल की नाही, हे त्याने चोरी केली की नाही यावर अवलंबून नव्हतंच. हे ज्याला पटत नाही त्याने फौजदारी वकिली करू नये, टॅक्सच बरा.

'चोराची वकिली' म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगावं. बार कौन्सिलच्या आचारनियमांत स्पष्ट लिहिलंय की आरोपी दोषी आहे असं वकिलाचं वैयक्तिक मत असलं तरी त्याने बचाव करावा. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सांगून टाकलं. कसाबलासुद्धा खालपासून वरपर्यंत वकील दिला गेला आणि त्यामुळेच त्या निकालाकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. सभ्यतेची याहून वेगळी व्याख्या माझ्याकडे नाही.

कामाचं बोलते. सुरुवात सेशन कोर्टातून करा. थेट हायकोर्टात रिट करायला जाणारी मुलं मला आवडत नाहीत. मालखान्याचं (थान्यातल्या जप्त मालाच्या कोठीचं) रजिस्टर कसं दिसतं, रोजनामचा (थान्याची रोजची नोंदवही) आणि जप्तीपत्रकाची वेळ कशी जुळवतात, जप्तीचा साक्षीदार उलटतपासात कुठे अडकतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याच्या तोंडी अनुच्छेद २१ पोकळ वाजतो. खाली कामकाज हिंदीत चालतं, वर इंग्रजीत. दोन्हींत स्वतः ड्राफ्टिंग करा, टायपिस्टवर सोडू नका. इंदूरला राहण्याचा एक मोठा फायदा आहे जो दिल्लीत मिळणार नाही: मंदसौर, नीमच, रतलामचा अफूचा पट्टा याच खंडपीठाखाली येतो. एन.डी.पी.एस.चं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ३७ जामीन किती कठीण करतं आणि कलम ५० ची अंगझडती नीट झाली नाही तर सरकारचा खटला कसा कोसळतो, हे इथे जितकं शिकाल तितकं फार थोड्या ठिकाणी शिकाल.

काही गोष्टी आता बदलल्यात, त्या सांगायलाच हव्यात. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण असल्याचं नोंदवलं आणि तशी अट घालू नये असं सुचवलं. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं असतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचंय. जन्मठेपेचे, फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले लोक यातून वगळलेत. माझ्या त्या मुलाला हे सगळं तेव्हा मिळालं असतं तर मला वर जावंच लागलं नसतं. पण कागदावरचं टेबलापर्यंत आणायला वकील अजूनही लागतो.

आणि हेही लिहायला हवं, उशिरा का होईना: मी फक्त आरोपींचीच कामं करत नाही. फिर्यादीकडून, विशेषतः बायकांकडून, मी जामिनाला कडाडून विरोधही केलाय. प्रत्येक जामीन मिळालाच पाहिजे असं माझं मत नाही. तुम्ही मुलगी असाल तर रात्री थान्यात एकटीने जाऊ नका, एखादा सहकारी सोबत घ्या. यात कमीपणा नाही.

पैशांचं राहिलं. फौजदारीत फी दिवाणीपेक्षा लवकर हातात येते, कारण घरचा माणूस आत असतो. पण ती आधी सीनियरकडे जाते. ज्युनिअरला मिळतं ते पेट्रोलपुरतं. बार कौन्सिलने २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना वीस हजार द्यावेत अशी शिफारस केली, ती शिफारसच आहे. नियमित उत्पन्न हवं असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिल योजनेत नवोदितांसाठीही पदं असतात. खाजगी कामं करता येत नाहीत, पण खटले भरपूर मिळतात आणि बहुतेक गरिबांचे. पहिली चार-पाच वर्षं घरच्यांच्या आधाराशिवाय निघत नाहीत, हे खरं. माझी ती वर्षं आईने निभावली, स्वतःच्या पेन्शनमधून. दादाने तेव्हा सल्ला दिला होता. काकांना तुमची खरोखर काळजी असेल तर ती वर्षं त्यांनी तुमचं पेट्रोल आणि पुस्तकं बघावीत.