पाच सेकंद उरले असताना

प्रश्न : काका, माणूस अवकाशात पाठवणाऱ्या केंद्राचे प्रमुख नेमकं काय करतात? (दहावीतली वाचक, हर्णै)

उत्तर : बाळा, आभाळ फिरलं की होडीचा तांडेल सोडलेला दोरही परत बांधायला लावतो, ते तू बंदरावर बघतेसच. केंद्राच्या प्रमुखाचं कामही तसंच. बेंगळुरूचं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं, उन्नीकृष्णन नायर पहिले संचालक. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्यात गगनयानाची, म्हणजे माणसाला अवकाशात नेणाऱ्या आपल्या यानाची, चाचणी होती. पाच सेकंद उरले असताना संगणकाने उड्डाण रोखलं. अख्खा देश बघत होता. अभियंत्यांनी दोष शोधला, दुरुस्त केला, दहा वाजता यान उडालं. समुद्रात उतरलेली, माणसांनी बसायची पण या वेळी रिकामी असलेली कुपी नौदलाने बाहेर काढली. मला त्या मधल्या तासाचंच फार कौतुक वाटतं. घरचे होडीचं इंजिन उघडतील तेव्हा तू शेजारी बस, पाना हातात घे.