जन्मजात जादा हाड आणि मुरगळलेले पाऊल

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी जिना उतरताना माझे पाऊल मुरगळले. एक्स-रे पाहून एका डॉक्टरांनी पावलाच्या आतल्या कडेचे हाड मोडल्याचे सांगितले. दुसऱ्यांच्या मते तो तुकडा म्हणजे जन्मजात जादा हाड असून त्यात काळजीचे काही नाही. मग दुखणे का थांबत नाही? शस्त्रक्रिया करावी का?

उत्तर : हाड जन्मजात असले म्हणून त्याला इजा होत नाही, असे नाही. घोट्याच्या पुढे, आतल्या बाजूस नॅव्हिक्युलर नावाचे हाड असते आणि साधारण १० जणांपैकी एकाच्या पावलात त्याला लागून आणखी एक छोटे हाड आढळते. अनेकदा ही दोन हाडे कूर्चेने सांधलेली असतात. पाऊल जोरात मुरगळले की हा सांधा उसवतो, आणि पावलाची कमान उचलून धरणारा स्नायुबंध तिथेच येऊन चिकटत असल्याने प्रत्येक पावलागणिक तो ताणला जाऊन दुखणे लांबते.

एक्स-रेमध्ये जादा हाडाच्या कडा गोलसर व गुळगुळीत दिसतात, तर ताज्या मोडीच्या कडा खडबडीत असतात. दुसऱ्या पावलाचा एक्स-रे तुलनेस उपयोगी पडतो, मात्र जादा हाड दोन्ही पावलांत असतेच असे नाही. माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी बोटाची : नेमक्या त्याच उंचवट्यावर दाबल्यावर कळ येत नसेल, तर एक्स-रेत दिसणाऱ्या हाडाला दोष देऊ नये. तरीही शंका राहिली तर एमआरआय करावा. इजा झालेल्या हाडात आतून आलेली सूज आणि स्नायुबंधाची अवस्था त्यात दिसते.

दुखण्याचे मूळ इथेच असल्याचे ठरले, तर प्रथम चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा वॉकर बूट (पाऊल व घोटा हलू न देणारा उंच बूट) वापरून पावलाला विश्रांती द्यावी लागते. दोन महिने तुम्ही तशाच चालत राहिल्या असाल, तर खरा उपचार अजून सुरूच झालेला नाही. त्यानंतर कमानीला आधार देणारे इनसोल आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. दुखऱ्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याची घाई करू नये, कारण त्याने स्नायुबंध कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो.

असे तीन ते सहा महिने नीट उपचार करूनही दुखणे राहिले, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. तीत जादा हाड काढून, गरज असल्यास स्नायुबंध मूळ हाडाला पुन्हा पक्का जोडतात. तळवा मुळात सपाट असेल, म्हणजे कमान बसलेली असेल, तर तो मात्र एवढ्याने सुधारत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.