बाबांचा दुबईतला फ्लॅट: विकावा, भाड्याने द्यावा, की तसाच ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा बरीच वर्षं दुबईत नोकरीला होते. 2016 मध्ये तिथल्या पगारातून त्यांनी जेव्हीसीत, म्हणजे जुमेरा व्हिलेज सर्कलमध्ये, एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. कर्ज नाही. गेल्या वर्षी ते कायमचे नाशिकला परत आले. आता डिसेंबरात पंधरा दिवस तुम्ही सगळे जाता आणि बाकी वर्षभर फ्लॅट बंद असतो. विकावा की भाड्याने द्यावा? आणि द्यायचाच तर वर्षाच्या करारावर की टुरिस्टना?

मी दुबईत राहतो, आणि गावाकडे असलेल्या मालकांच्या फ्लॅटचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम आहे. भाड्यातून किती टक्के सुटतात हे तुम्हाला इथला कुठलाही ब्रोकर न विचारता सांगेल. पण तुमच्या बाबतीत निर्णय त्या टक्क्यांवर नाही, तारखांवर आहे. त्यातली पहिली तारीख तुम्ही जाता जाता लिहून गेलात: बाबा गेल्या वर्षी परत आले.

दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्या माणसाला भारतात आयकरासाठी काही काळ 'आरएनओआर' हा दर्जा मिळतो. निवासी तर झालात, पण पुरते नाही, असा हा मधला काळ. आधीच्या दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम एकूण 729 दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर हा दर्जा लागू होतो. बहुतेकांना तो दोन आर्थिक वर्षं मिळतो, काहींना तीन. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन सीएसमोर बसा आणि दिवस मोजून घ्या, अंदाजाने चालू नका. या काळात परदेशातल्या घराचं भाडं आणि ते विकून झालेला नफा यांवर भारतात कर लागत नाही. अट एवढीच की पैसा आधी परदेशातल्या खात्यात जमा व्हायला हवा, मग तिथून इकडे आणायचा. खरेदीदाराकडून थेट नाशिकच्या बँकेत मागवायचा नाही. दुबईत तर अशा विक्रीवर व्यक्तीला करच नाही.

हा काळ संपला की बाबांचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र. दुबईचं भाडं 'टॅक्स-फ्री' असतं असं जे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते दुबईत राहणाऱ्यासाठी खरं आहे, नाशिकला राहणाऱ्यासाठी नाही. भारत-यूएईच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे सूट मिळते म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका. तिथे कर भरलेलाच नाही, तर वजा करायला काय उरतं? भाड्यातून घरभाड्याची नेहमीची 30 टक्के वजावट मिळते. सोसायटीच्या सर्व्हिस चार्जची वेगळी वजावट हिशेबात धरू नका. उरलेली रक्कम बाबांच्या स्लॅबमध्ये जाते. शिवाय रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी फ्लॅट दाखवावा लागतो. भाडं शून्य असलं, फ्लॅट कुलूपबंद असला तरीही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. 20 लाखांच्या आतल्या परदेशी मालमत्तेला या दंडातून अलीकडे सवलत मिळाली आहे, पण त्यातून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे.

आता विक्रीचं. फ्लॅट 8 लाख दिरहमला घेतला आणि 10 लाखांना विकला असं धरू. हिशेब सोपा जावा म्हणून तेव्हाचा दिरहम 18 रुपयांचा आणि विकतानाचा 23 रुपयांचा धरतो. खरेदी 1 कोटी 44 लाखांची, विक्री 2 कोटी 30 लाखांची, नफा 86 लाख. दिरहममधला खरा नफा मात्र 2 लाख, म्हणजे 46 लाख रुपये. मग वरचे 40 लाख कुठून आले? रुपया घसरला त्यातून. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 3.6725 ला एक डॉलर हा दर 1997 पासून हललेला नाही, त्यामुळे रुपया डॉलरपुढे जितका घसरतो तितकाच दिरहमपुढे. कर या पूर्ण 86 लाखांवर. 12.5 टक्क्यांनी पावणेअकरा लाख होतात, वर अधिभार आणि सेस. घर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असल्यामुळे निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीनेही हिशेब करता येतो, 20 टक्के पण महागाई निर्देशांक लावून. या उदाहरणात त्याने कर निम्म्याहून खाली, पाच लाखांच्या आसपास येतो. भारतात दुसरं घर घेणार असाल तर तेवढ्या नफ्यावर सूटही मिळते.

म्हणजे आरएनओआरमध्ये विकल्याने वाचणारी रक्कम पाचेक लाखांची आहे. लहान नाही, पण तेवढ्यासाठी मिळेल त्या भावाला फ्लॅट फुंकून टाकायची गरज नाही. खरेदीदाराने पन्नास हजार दिरहम पाडून घेतले तर साडेअकरा लाख तिथेच गेले. म्हणून 31 मार्चच्या तोंडावर विकायला काढू नका. विकायचं नक्की असेल तर आत्तापासून निवांत काढा.

'तोपर्यंत भाड्याने देऊ, मग बघू' हा विचार मात्र इथे महागात पडतो, कारण दुबईतला भाडेकरू. पुण्या-मुंबईत आपण अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करतो आणि मुदत संपली की जागा मोकळी होईल हे धरून चालतो. दुबईत मुदत संपली म्हणून भाडेकरू निघत नाही, करार नव्याने चालू राहतो. घर विकायचंय म्हणून मोकळं करून हवं असेल तर बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही नोटरी पब्लिकमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने. व्हॉट्सअॅपवर 'नेक्स्ट इयर वी आर सेलिंग' लिहून पाठवणारे आणि भाडेकरूने उत्तरादाखल अंगठ्याचं 'ओके' चिन्ह पाठवलं म्हणून निर्धास्त राहणारे मालक मी पाहिलेत. भाडे-वादाच्या न्यायाधिकरणात त्या अंगठ्याला किंमत नाही. फ्लॅट भाडेकरूसकट विकता येतो, पण मग करार नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. स्वतः राहायला घर शोधणारं कुटुंब अशा फ्लॅटकडे फिरकत नाही. उरतात ते गुंतवणूकदार, आणि ते चालू भाड्याकडे बघून भाव सांगतात. ते भाडंही मनासारखं वाढवता येत नाही: बाजारभावापेक्षा किती कमी आहे त्यावर वाढ ठरते, शून्यापासून फार तर 20 टक्क्यांपर्यंत, आणि बदल नव्वद दिवस आधी कळवावा लागतो.

आता दोन्ही तारखा शेजारी ठेवा. बाबांच्या आरएनओआरचं एक वर्ष जवळपास गेलंच आहे. आज वर्षाच्या करारावर भाडेकरू बसवला तर मोकळा फ्लॅट हातात येईपर्यंत तो दर्जा बहुधा संपलेला असेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन वर्षांत विकायची थोडीही शक्यता असेल तर वर्षाचा भाडेकरू ठेवू नका. विकायचाच नसेल, तर मात्र वर्षाचा भाडेकरू सगळ्यात शांत. एजारीवर, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार-नोंदणीत, करार नोंदवायचा, फर्निचरसकट असेल तर साधारण 10 टक्के डिपॉझिट घ्यायचं, भाडं चार चेकऐवजी दोन किंवा एका चेकने मागायचं आणि त्या बदल्यात थोडं कमी करायचं. डिसेंबरची सुट्टी मग हॉटेलात. हे घरात आधीच बोलून घ्या, कारण व्यवहार पटूनही इथेच घोडं अडतं. आईने निवडलेले पडदे असलेल्या घरात परक्याने राहायचं हे पचायला वेळ लागतो.

टुरिस्टना देणं, म्हणजे इथल्या भाषेत हॉलिडे होम. त्यासाठी अर्थव्यवस्था आणि पर्यटन विभागाचा परवाना लागतो. तो मालकाला स्वतःच्या नावानेही मिळतो, पण नाशिकला बसून पाहुण्यांना किल्ल्या कोण देणार? म्हणून सगळे ऑपरेटरकडे जातात. ऑपरेटर दाखवतो तो आकडा असतो एका रात्रीचा दर गुणिले भरलेल्या रात्री, आणि तो वर्षाच्या भाड्यापेक्षा बराच मोठा दिसतो. त्यातून काय काय जातं ते ओळीने बघा. बुकिंग साइटचं कमिशन. ऑपरेटरचा वाटा, जो 15 ते 25 टक्क्यांपर्यंत पाहायला मिळतो. दीवाचं (दुबईच्या वीज-पाणी खात्याचं) बिल, चिलर म्हणजे इमारतीच्या सामायिक एसीचा आकार, इंटरनेट. वर्षाच्या करारात हे साधारणपणे भाडेकरू भरतो, इथे तुम्ही. टॉवेल, चादरी, फुटलेले ग्लास. टुरिझम दिरहम, खोलीमागे दर रात्री 10 किंवा 15, हा पाहुण्याकडून घ्यायचा असतो, पण कोणी तो दरातच मिसळून टाकतो, तेव्हा हिशेबात वेगळा मागा. आणि जून ते ऑगस्ट. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना मरीनातल्या समुद्रासमोरच्या फ्लॅटलासुद्धा दर पाडावे लागतात, तर जेव्हीसीला समुद्रही नाही आणि मेट्रोही दारात नाही. सगळं वजा जाता हातात येणारा आकडा बऱ्याचदा वर्षाच्या भाड्याच्या आसपासच येऊन थांबतो.

तरी तुमच्यासाठी हॉलिडे होमचा एक मोठा फायदा आहे. पाहुणा चार दिवसांनी जातो. खरेदीदार मिळाला की कॅलेंडर बंद करायचं आणि फ्लॅट मोकळा. विक्रीचं ठरेपर्यंतचा पूल म्हणून मी हाच पर्याय सुचवीन, कमाईचा मार्ग म्हणून नव्हे. ऑपरेटरचा करार मात्र किती दिवसांच्या नोटिसीने मोडता येतो, ते कलम सहीआधी वाचा. वर्षभराची बांधिलकी आणि वर दंड असेल, तर भाडेकरूने केलं असतं तेच ऑपरेटर करेल.

बंद ठेवणं फुकट असतं असं समजू नका. सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर असतो, तुम्ही राहा न राहा. कित्येक इमारतींत चिलरचा ठराविक आकारही कुलपाला लागतो. उन्हाळ्यात एसी पूर्ण बंद ठेवला तर सोफ्याच्या मागच्या बाजूला आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. बाथरूमच्या जाळीखालचं पाणी सुकतं, मग गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात. महिन्यातून एकदा कोणी येऊन प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतलं तरी निम्मा त्रास वाचतो.

विकायचं ठरलं तर प्रक्रिया किचकट नाही. ब्रोकरचं परवान्याचं कार्ड बघा आणि त्याच्याशी फॉर्म ए, म्हणजे विक्रीचं काम त्याला देणारा करार, करा. तीन ब्रोकरांना एकदम दिलात तर एकच फ्लॅट तीन भावांत जाहिरातीत दिसतो आणि खरेदीदार सर्वांत खालचा धरून बसतो. सौदा ठरला की फॉर्म एफ, म्हणजे खरेदीदाराशी विक्रीचा करार, होतो, खरेदीदार साधारण 10 टक्क्यांचा चेक ठेवतो. मग बिल्डरची एनओसी. सर्व्हिस चार्जची बाकी शून्य असल्याशिवाय ती मिळत नाही, तेव्हा जुनी बिलं आधी मिटवा. शेवटी लँड डिपार्टमेंटच्या ट्रस्टी ऑफिसात हस्तांतर. तिथली 4 टक्के फी रिवाजाप्रमाणे खरेदीदार भरतो. खरेदीदाराच्या ब्रोकरचं कमिशन त्याच्याकडे, तुमच्याकडून आपल्या ब्रोकरला जे कबूल केलं असेल तेवढं.

रक्कम मॅनेजर्स चेकने (बँकेनेच काढलेला, आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा), बाबांच्याच नावाने येऊ द्या. परत येताना दुबईतलं बँक खातं बंद केलं असेल तर खरेदीदार शोधण्याआधी अनिवासी खातं उघडून घ्या. अनिवासी असताना तिथल्या कमाईतून घेतलेलं घर बाबांना आता ठेवता, भाड्याने देता आणि विकताही येतं. फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, त्याला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. आलेला पैसा तिथेच ठेवता येतो, किंवा भारतात आरएफसी खात्यात, म्हणजे निवासी व्यक्तीच्या परकीय चलनाच्या खात्यात, डॉलरमध्येच. तो रुपयांत करायची घाई नको.

बाबांना दर वेळी येणं जमणार नसेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते नाशिकला करायचं म्हटलं तर नोटरी, मग सरकारी साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात, तिथे गेल्यावर पुन्हा त्यांचं परराष्ट्र मंत्रालय आणि अरबी भाषांतर. नुसत्या अपॉस्टीलवर, म्हणजे परदेशात चालणाऱ्या एकाच साक्षांकनाच्या शिक्क्यावर, यूएईत भागत नाही. त्यापेक्षा या डिसेंबरात आलात की बाबांना घेऊन दुबईतल्याच नोटरीकडे जा. मुखत्यारपत्रात फ्लॅटचा नंबर, विक्रीचा अधिकार आणि एनओसी घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहून घ्या, आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार मुद्दाम वगळा.