बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती आणि विमानाला तास किती?

आपला प्रश्न असा आहे की, बेंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांमधील अंतर किती, आणि दुपारी २ वाजता निघणारे थेट विमान त्याच दिवशी दुपारी ४.३० वाजता पोहोचते असे वेळापत्रकात दिसते, तर प्रवास अडीचच तासांचा कसा?

अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे आणि वाटेत न थांबणाऱ्या विमानाला साधारणपणे १६ ते १७ तास लागतात. वेळापत्रकात निघण्याची वेळ बेंगळूरच्या घड्याळाची आणि पोहोचण्याची तेथील घड्याळाची छापलेली असते. हिवाळ्यात ते घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असते. मार्चमध्ये ते एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे घेतात, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेबारा तासांचा राहतो. अडीच तासांत साडेतेरा मिळवले की १६ तास होतात.

परतताना हाच हिशेब उलटा होतो आणि फसगत होते ती तेथे. हिवाळ्यात तिकडून शुक्रवारी रात्री ९ वाजता निघालेले विमान १७ तासांनी बेंगळूरला उतरते, तेव्हा येथे रविवारची पहाट, साडेतीनची वेळ असते. मुलीला आणण्यासाठी मी शनिवारीच पहाटे देवनहळ्ळीला, म्हणजे बेंगळूरच्या विमानतळावर, जाऊन उभा राहिलो होतो, तेही भूगोलाचा शिक्षक असताना.

अंतराबद्दल थोडे अधिक लिहितो. भिंतीवरील नकाशा पाहून विमान सरळ पूर्वेला पॅसिफिक महासागरावरून जात असावे असे वाटते. आमच्या शाळेत ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल होता. त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो नेपाळ, तिबेट, मंगोलिया आणि सैबेरियावरून थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत वर चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. दोरा मोजला तर सुमारे ३३ सेंटिमीटर भरतो. मुलांचा डोळ्यांवर विश्वास बसत नसे आणि प्रत्येक जण दोरा स्वतः ताणून पाही.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. तिबेटच्या पठारावर विमानातील हवेचा दाब गेला, तर श्वास घेता येईल इतके खाली उतरायला जागाच नसते, म्हणून तो भाग शक्यतो टाळतात. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते पाठीशी मिळत असतील, तर काहीशे किलोमीटरांचा वळसाही परवडतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे या मार्गावरील पहिले थेट विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला आले, ते उत्तर ध्रुवावरून. वाऱ्यांप्रमाणे मार्ग बदलत असल्याने एकाच विमानाला एखाद्या दिवशी अर्धा-पाऊण तास कमी किंवा जास्त लागतो.

आपण बेळगावहून निघणार असाल, तर तेथील सांबरा विमानतळावरून बेंगळूरला विमानाने तासाभराच्या आसपास लागतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने गेल्यास रात्रभराचा प्रवास होतो आणि पुढे बेंगळूर स्थानकापासून विमानतळ ३५ किलोमीटरांवर आहे. सकाळच्या वाहतुकीत त्या अंतरासाठी दोन तास हाताशी ठेवावेत.