लाकडी कार्यालयाच्या भिंती : पहिला थर आणि दुसरा थर

बागेतील लाकडी खोलीत आपण कार्यालय थाटले आहे, छताला इन्सुलेशन आहे पण भिंती उघड्याच आहेत, थंडीत हीटर दिवसभर चालतो, आणि म्हणून मुदत ठेव मोडून भिंतींना १०० मिलिमीटर पीआयआर बोर्ड (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या पाट्या) बसवावेत का, असे आपण विचारले आहे. बोर्ड जरूर बसवावेत, परंतु ५० मिलिमीटरचे. आणि ठेवीला हात लावू नये, असे माझे मत आहे.

हिशेब करून पाहू. सुमारे २० मिलिमीटर जाडीच्या नुसत्या फळीतून, आत-बाहेर १५ अंशांचा फरक असताना, २० चौरस मीटर भिंतीमागे साधारण ९०० वॅट उष्णता निसटते. ५० मिलिमीटर बोर्डानंतर हाच आकडा १२० वॅटच्या आसपास येतो. आणखी ५० मिलिमीटर वाढवल्यास ६० वर. रोज आठ तास आणि थंडीचे शंभर दिवस धरले, तर पहिला थर सहाशेहून अधिक युनिट वाचवतो, दुसरा जेमतेम पन्नास. शिवाय तो समोरासमोरच्या भिंती मिळून खोलीची दहा सेंटिमीटर रुंदी खातो. (चौकटीच्या लाकडातून थोडी उष्णता जातेच, त्यामुळे प्रत्यक्ष बचत याहून काहीशी कमी धरावी.)

वाचलेल्या युनिटांना आपल्या वीजदराने गुणावे आणि एकूण खर्चाला त्या रकमेने भागावे. खर्च वसूल व्हायला लागणारी वर्षे मिळतील. ठेव मोडल्यास बुडणारे व्याज आणि दंडही खर्चातच धरावा लागेल, आणि तिथेच हा व्यवहार लंगडा पडतो. त्यापेक्षा दारा-खिडक्यांच्या फटी आताच बुजवाव्यात, कारण त्याला फारसे पैसे लागत नाहीत, आणि भिंतींसाठी दरमहा रक्कम बाजूला काढून पुढील थंडीपूर्वी काम करावे.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. बोर्डाच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूस बाष्परोधक पडदा सलग लावून त्याचे सांधे टेपने बंद करावेत, आणि बाहेरच्या फळीमागे हवा खेळती राहील अशी पोकळी ठेवावी. अन्यथा खोलीतील दमट हवा थंड फळीवर पाणी धरते, लाकूड आतून कुजते, आणि दुरुस्तीचा खर्च सगळी बचत गिळून टाकतो. खोली आणखी दोन-तीन वर्षेच वापरायची असेल आणि वसुलीला त्याहून अधिक काळ लागत असेल, तर फटी बुजवण्यावरच थांबावे.