इंग्लंडला येतेस, तर पहिल्या महिन्यातच एक मंडळी धर

जय ख्रिस्त. तू विचारलंयस: भायखळ्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, लहानाची मोठी झालीस, संडे स्कूलमध्ये शिकवतेस, भजनाला पेटीवर बसतेस आणि आता नर्सच्या नोकरीवर लीड्सला निघाली आहेस. आधी परीक्षा, नोकरी, घर यांची घडी बसू दे, तोवर मुंबईचीच उपासना ऑनलाइन बघेन आणि मग सावकाश चर्च शोधेन, असं केलं तर चालेल का? ताई म्हणून विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते, असं करू नकोस. आल्या आल्या घराजवळचं एक चर्च बघ, तिथे नाव घाल आणि एखादं काम अंगावर घे.

मुंबईची सकाळी नऊची उपासना म्हणजे इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन. सुरुवातीला उठशील. पुढे रेकॉर्डिंग लावून भाजी चिरशील. त्यात प्रवचन कानावर पडेल, पण तू तापाने फणफणलीस तर भायखळ्याहून कोणी जेवण घेऊन येऊ शकणार नाही आणि तुलाही तिथल्या कोणाच्या उशाशी बसता येणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या 10व्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका असं सांगितलंय, त्याच्या अगदी आधी एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन द्यायला सांगितलंय. त्यासाठी माणसं एका गावात लागतात.

कुठलं चर्च, हा प्रश्न तुझ्यासाठी तसा सोपा आहे. तू चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. 1970 साली नागपूरला अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा मंडळ्या एकत्र येऊन ती झाली आणि ती जगभरच्या अँग्लिकन परिवारात आहे. चर्च ऑफ इंग्लंडही त्याच परिवारातलं, म्हणजे त्याच्या कुठल्याही पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) तू परकी नाहीस, प्रभुभोजनाला पुढे जाऊ शकतेस. मेथडिस्ट चर्च जवळ असेल तर तेही आपल्याच नात्यातलं. ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकलास की जवळची अँग्लिकन चर्च दिसतात. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघ, पण वर्षभर बघतच राहू नकोस. गाणं इथे बरं, प्रवचन तिथे बरं, असं करणारी आपली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना सगळी चर्च माहीत असतात आणि त्यांचं नाव कुठल्याच चर्चमध्ये कोणाला माहीत नसतं. माझ्या मते अंतराला सगळ्यात जास्त वजन दे. पावसात, अंधारात, बारा तासांची ड्युटी करून आल्यावरही जाता येईल इतकं जवळ हवं.

पहिल्यांदा गेलीस की थोडी हिरमुसशील. भायखळ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग पेटी-तबल्यावर सुरू झाले की मागच्या बाकावरची आजीसुद्धा ताल धरते. इथे ऑर्गन, पुष्कळ ठिकाणी पांढऱ्या केसांची मोजकी माणसं आणि उपासनेनंतर कॉफीसोबत हवापाण्याच्या गप्पा. न सांगता कोणी घरी येत नाही. याला थंडपणा समजू नकोस, त्यांची माया कामातून उघडते. आमच्या हॉलच्या भिंतीवर कॉफीच्या पाळीचा कागद टाचलेला असतो. त्यावर मी नाव लिहिलं आणि ऐंशीच्या घरातल्या एका बाईंबरोबर कप विसळायला उभी राहिले. पाण्याचा तो जुना बॉयलर कसा चालू करायचा, कोणता टॉवेल कपांचा आणि कोणता हातांचा, हे त्यांनी मला फार गंभीरपणे शिकवलं. हात ओले असताना माणूस बोलतो. माझ्या आईचं केईएममध्ये ऑपरेशन झालं ते त्यांना तिथेच कळलं. पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत आईचं नाव घेतलं गेलं, उच्चार अगदी नीट जमवून. त्यासाठी त्या बाईंनी मला आदल्या संध्याकाळी फोन केला होता. नुसती येऊन-जाऊन असते तर हे झालं नसतं.

नाव घालायचं ते पॅरिशच्या इलेक्टोरल रोलवर. ती सरकारी मतदारयादी नव्हे, चर्चची सभासदांची यादी. बाप्तिस्मा झालेला असावा, वय 16 पूर्ण असावं आणि त्या पॅरिशच्या हद्दीत राहत असावं किंवा सहा महिने तिथे उपासनेला येत असावं, फॉर्म साधा असतो. मग वार्षिक सभेत तुला मत आणि यादीत नाव येऊन सहा महिने झाले की पीसीसीवर, म्हणजे आपल्या पास्टरेट कमिटीसारख्या चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीवर, निवडूनही येता येतं. संडे स्कूल घ्यायचं असेल तर आधी डीबीएसची तपासणी (नावावर गुन्ह्याची नोंद आहे का ते बघणारी) आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण करावं लागतं. ते सगळ्यांनाच असतं, वाईट वाटून घेऊ नकोस. दान कमी का असेना, दरमहा दे. इथे पुरेसा कर भरत असशील तर गिफ्ट एडचा फॉर्म भर, तुझ्या प्रत्येक पौंडामागे चर्चला सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात.

रविवारी ड्युटी लागणारच. वॉर्ड मॅनेजरला रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लागण्याआधी सांगून ठेव, काही रविवार मिळतात. बऱ्याच पॅरिशमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी प्रभुभोजन असतं आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बायबल अभ्यास. रविवार हुकला तर तिथे जा, पण मंडळी तीच ठेव.

मराठी मंडळींच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी भजन जमतं, तिथेही जरूर ये. मनसोक्त मराठीत प्रार्थना केल्याशिवाय मलाही करमत नाही. पण ते जोडीला असू दे. आपण आपल्यातच राहिलो तर ज्या रस्त्यावर राहतो तिथल्या एकट्या म्हाताऱ्यांची आणि फूड बँकेच्या रांगेतल्या माणसांची आपल्याला ओळखच होत नाही. तूही त्यांच्या कामी येऊ शकतेस, नर्स आहेस.

एक सावधगिरी. नवीन आलेल्या मुलींना गाठून पगार किती ते विचारणारे, आशीर्वादासाठी पैसे मागणारे, घरच्यांशी बोलणं कमी करायला सांगणारे पुढारी कुठेही भेटू शकतात, आपल्या भाषेतलेही. तिथून लगेच निघ आणि कोणाला तरी सांग.

निघण्यापूर्वी बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला घे, मूळ प्रत आणि फोटो दोन्ही. व्हिसासाठी काढलेल्या पोलीस दाखल्याची प्रत जपून ठेव, डीबीएसच्या वेळी विचारू शकतात. पाळकसाहेबांकडून मंडळीच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र माग. तू किती वर्षं सभासद आहेस, काय शिकवतेस, काय वाजवतेस, सगळं त्यात येऊ दे. संकोच नको. पौलानेही रोमच्या मंडळीला फिबीबद्दल असंच लिहिलं होतं: हिचा स्वीकार करा, हिला लागेल ती मदत करा, हिने पुष्कळांना साहाय्य केलंय. घराचा पत्ता ठरला की ते पत्र तिथल्या व्हिकरना, म्हणजे पाळकांना, ईमेलने आधीच पाठव आणि कोणत्या रविवारी येणार तेही कळव.